बुळबुळ

चान्यारालच्या किनाऱ्यावरची वाळू
समुद्राने आणलेली नाही.
वर डोंगरात तांबं वेचून झालं
की उरलेला राखाडी राडा खाली सोडून द्यायचे.
वर्षानुवर्षं सोडला.
समुद्र मुकाट्याने मागे सरकला
आणि त्याच्या जागी ही एवढी लांबरुंद पुळण आली.

नेलिदा ओसान्दोन पलीकडच्या खडकांवर जाते,
ओहोटीला उइरो गोळा करते,
तपकिरी, जाड पट्ट्या,
धरायला जावं तर मासळीसारख्या निसटतात.
वाळवते, किलोवर विकते.
कारखान्यात त्यातली बुळबुळ काढून
आइस्क्रीमात घालतात म्हणे.
तिला हसू येतं:
ज्यावर माणूस घसरतो त्याचे पैसे मिळतात.

तिचा भाचा येर्को आन्तोफागास्ताच्या प्रयोगशाळेत
याच पाण्यातलं शेवाळ वाढवतो,
एका पेशीचं, डोळ्यांना नुसती हिरवी झाक.
पद्धत सांगते: आधी धुवा.
तो धुतो. तीनदा गरगर फिरवून
पेशींभोवतीचा चिकटा काढून टाकतो,
मग मोजून तांबं देतो.
संध्याकाळी चंबूत फिकट, रया गेलेलं पाणी.

एक चंबू धुवायचा राहिला होता.
तेवढंच तांबं. तेवढेच तास.
हिरवा.
त्याला वाटलं, आपलंच चुकलं.
पुन्हा केलं. पुन्हा हिरवा.
तिसऱ्यांदा केलं
आणि रात्री अकराला मावशीला फोन लावला.

हे मी माझ्या शब्दांत सांगते:
पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं तर कळकतं,
म्हणून कल्हई.
या पेशींच्या गल्लीत कल्हईवाला येत नाही.
तांब्याची चव लागली की त्या स्वतःच पाझरतात,
साखरेच्या लांबच लांब दोऱ्या, थोडं प्रथिन,
अंगाबाहेर टाकलेलं, तरी आपलंच,
आणि सुटं फिरणारं तांबं त्या गुंत्यात अडकतं.
पाण्यात तांबं कमी झालेलं नाही,
यंत्र तोच आकडा दाखवतं.
पण सुटं असतं ते चावतं,
बांधलेलं बसून राहतं.
अंगाला लागतं. जिवाला लागत नाही.

मावशी एवढंच म्हणाली,
"मग धुतलंस कशाला?"

नंतर बराच वेळ फोनवर नुसता समुद्र.

तिचा नवरा बाल्दोमेरो भट्टीवर होता, चोवीस वर्षं.
भट्टी त्याने कधी घरात आणली नाही.
दारातच बूट, दारातच डगला,
पोरींना जवळ घ्यायचा तो
मागच्या नळाखाली अंघोळ करूनच.
शहाणा माणूस, सगळे म्हणायचे.
डगला ती धुवायची.
आधी झटकायची, मग भिजवायची.
पाणी हिरवट काळं व्हायचं
आणि जिभेवर नाण्याची चव
दुपार टळेपर्यंत.

जे दारात अडतं ते नाहीसं होत नाही, येर्को,
असं ती म्हणाली नाही.
ती म्हणाली, खडकावरच्या गोगलगायी
ती बुळबुळच खरवडून खातात, ठाऊक आहे ना?
आम्ही त्या खायचं सोडलं.
पाखरांना कोण सांगणार.

येर्को वहीत लिहितो:
न धुतलेल्या, जिवंत. पुढे प्रश्नचिन्ह.
खाली एक चौकट आखतो, वर "गोगलगाय" लिहितो,
चौकट रिकामी ठेवतो.

सकाळी ओहोटी.
नेलिदा उइरो ओढते, तो निसटतो,
पुन्हा पकडते.
तळव्यांवर थर येतो,
थंड, आरपार दिसणारा.
रोज ती तो वाळूत पुसते.
आज तसाच राहू देते,
सुकून कातडी ओढली जाईपर्यंत.